गाइड उघडून खेळणे : तुम्ही नेमकी कधी हार मानता?

तिसरी_घंटा

आईकडचा माळा आवरताना गेल्या महिन्यात मला माझी एक दोनशेपानी वही सापडली. वरच्या लेबलावर 'भूगोल, इयत्ता सातवी' असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे, पण आत मान्सूनच्या दोन शाखा संपल्या की भूगोलही संपतो आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या संगणकावरच्या खेळाचे नकाशे सुरू होतात. प्रत्येक खोलीसाठी एक चौकोन, हलणाऱ्या फरशीवर फुली, जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांसाठी तीन उभ्या रेघा आणि उघडमीट करणाऱ्या पात्यांच्या जागी 'कात्री' हा शब्द. शेवटच्या पानावर माझ्या चुलतभावाच्या अक्षरात 'प्रिन्स, मग जागा सोडून मेगाहिट. आत गेल्यावर शिफ्ट आणि एल' असे लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. काकांच्या कार्यालयातला संगणक दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाने आम्हांला पातळी न खेळता पुढे उडी मारण्याचा हा मंत्र दिला होता.

ज्यांनी तो खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : साठ मिनिटांच्या आत तळघरातून वर येऊन राजकन्येला सोडवायचे असते. बाराव्या पातळीवर आपलीच सावली तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलाच जीव घटतो, हे कळायला एक दुपार पुरते. पण तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगावर चालून जायचे, म्हणजे ती आपल्यात विरघळते, हे मला काही केल्या सुचले नाही. अख्खा पावसाळा मी तिथे अडकून होतो, आणि शेवटी गणपतीत एका मित्राच्या मोठ्या भावाने मोदक खाताखाता ते सहज सांगून टाकले. एकदाचे सुटलो म्हणून झालेला आनंद आणि हे आपल्याला सुचू नये याचा राग, दोन्ही मला अजून आठवतात.

हे सगळे आज आठवण्याचे कारण माझी तेरा वर्षांची भाची आहे. ती कोणताही नवा खेळ सुरू करण्याआधी शेजारी टॅबलेट उभा करते आणि त्यावर कोणीतरी तोच खेळ खेळत असल्याचा व्हिडिओ लावते. तो थांबला की ही थांबते, तो डावीकडे वळला की ही डावीकडे वळते. मी तिला म्हटले, अगं, एकदा तरी अडकून बघ. त्यावर तिने अगदी मनापासून विचारले, "मामा, अडकून काय मिळतं?" मला उत्तर देता आले नाही.

म्हणून हा धागा. तुम्ही गाइड, म्हणजे खेळ कसा पार करायचा हे सांगणारे पुस्तक, मजकूर किंवा व्हिडिओ, कधी उघडता? त्याविषयी स्वतःपुरता काही नियम केला आहे का, आणि तो पाळता का?

गवती_चहा

आमच्या घरी सर्व संकटांवर एकच गाइड होते : कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारणे.

हातपंप

माझा नियम सोपा आहे. मी गाइड उघडत नाही. 'प्रोजेक्ट आयजीआय' या बंदूकबाजीच्या खेळात मोहिमेच्या मधे खेळ जतन करण्याची सोयच नव्हती. शेवटच्या कुंपणापाशी गोळी लागली की पुन्हा पहिल्या टेकडीवरून सुरुवात करावी लागत असे. त्या तीन-चार महिन्यांत कोणता पहारेकरी कोणत्या मनोऱ्यावरून कधी मागे वळतो, हे मला पाढ्यांसारखे पाठ झाले होते आणि ते पाठ करणे हाच माझ्या लेखी खेळ होता. परीक्षेच्या आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच वाचून पासष्ट टक्के मिळवणारे आमच्या वर्गातही होते. त्यांना गुण मिळाले, हे मी नाकारत नाही. पण विषय आला का, असे विचारले तर ते आजही दुसरीकडे बघतील. धागाकर्त्यांच्या भाचीला हेच सांगावे, असे मला वाटते.

खिडकीजवळची_सीट

हातपंप, एक प्रामाणिक प्रश्न विचारते. 'कॉन्ट्रा' तीस जिवांशिवाय कधी पूर्ण केलात का?

वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. बटणे या क्रमाने दाबली की तीस जीव मिळत. माझ्या मोठ्या भावाला अभ्यासातले एकही सूत्र लक्षात राहत नसे, पण हे तो झोपेतही बोटांनी वाजवून दाखवत असे. पुढे कधीतरी कळले की हा संकेत मुळात आपल्यासाठी नव्हताच. काझुहिसा हाशिमोतो हे कोनामी या खेळ बनवणाऱ्या कंपनीतले प्रोग्रामर १९८६ साली 'ग्रॅडियस' हा खेळ घरगुती यंत्रावर आणत होते. चाचणी घेताना तो खेळ त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी ही चोरवाट करून ठेवली. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. ज्याने खेळ बांधला त्याला जर आधाराची काठी लागत होती, तर आपण कोणत्या शुद्धतेचा आग्रह धरतो आहोत?

हातपंप

कॉन्ट्राचा अपवाद मी मान्य करतो. तो खेळ आम्ही दोघे भाऊ मिळून खेळत असू आणि धाकटा माझेच जीव उसने घेत असे. तीस नसते तर घरात खरीच लढाई झाली असती.

नागोयाची_पोळी

मी नोकरीनिमित्त काही वर्षे जपानमध्ये राहते आहे आणि इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत खेळांच्या गाइडांची कपाटेच्या कपाटे पाहते. त्यांना इथे 'कोऱ्याकु-बोन' म्हणतात. 'बोन' म्हणजे पुस्तक. 'कोऱ्याकु' हा मूळचा लढाईतला शब्द आहे, शत्रूचा किल्ला जिंकून घेणे या अर्थाचा. थोडक्यात, आपण 'गड सर करण्याचे पुस्तक' म्हणावे तसे ते नाव आहे. परीक्षेची आठवण करून देणाऱ्या आपल्या 'गाइड' या शब्दाशी त्याची तुलना केली की एकाच वस्तूकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा दिसतात, आणि हातपंप यांच्या रागाचे अर्धे मूळ त्या शब्दातच असावे, असे मला वाटते.

आणखी एक उदाहरण देते. १९८४ साली नामको कंपनीने 'द टॉवर ऑफ ड्रुआगा' नावाचा खेळ नाणे टाकून खेळायच्या गेमच्या दुकानांत आणला. साठ मजल्यांचा मनोरा आणि जवळजवळ प्रत्येक मजल्यावर दडवलेली एक पेटी. पेटी केव्हा प्रकट होईल, हे खेळ कुठेही सांगत नाही. पहिल्या मजल्यावर हिरवट चिखलाचे तीन गोळे मारले की कुदळ मिळते, एवढे चुकूनही जमून जाते. पुढच्या मजल्यांवरच्या अटी मात्र इतक्या विचित्र आहेत की एकट्या माणसाला त्या आयुष्यात सुचणार नाहीत, आणि काही वस्तू हुकल्या तर खेळ पूर्णच होत नाही. तेव्हा लोकांनी काय केले असेल? दुकानात एक वही ठेवली. ज्याला जे सापडेल ते त्याने त्यात लिहायचे आणि पुढच्याने वाचून नाणे टाकायचे. आता ही वही पाहून खेळणारा फसवणूक करत होता, असे म्हणायचे का? मला तर ती वही हाच त्या खेळाचा एकसष्टावा मजला वाटतो.

तिसरी_घंटा

नागोयाची_पोळी, एकसष्टावा मजला फार आवडला. माझ्या भूगोलाच्या वहीला एकदम प्रतिष्ठा मिळाल्यासारखे वाटले.

काळी_दोन

आतापर्यंतचे प्रतिसाद अडकणे आणि सुटणे याभोवती फिरत आहेत. मी ज्या प्रकारचा खेळ खेळते त्यात अडकायला काही नसतेच, तरीही गाइडावाचून माझे पान हलत नाही. मी 'एज ऑफ एम्पायर्स २' हा राज्य उभारून लढण्याचा खेळ गेली सहा वर्षे ऑनलाइन, माणसांविरुद्ध खेळते.

सुरुवातीला प्रत्येकाकडे एक टाउन सेंटर (मुख्य इमारत), तीन व्हिलेजर (कामकरी गावकरी) आणि एक घोडेस्वार असतो. एक व्हिलेजर तयार व्हायला पंचवीस सेकंद लागतात आणि पन्नास अन्न लागते. याचा अर्थ असा की टाउन सेंटर पंचवीस सेकंद रिकामे राहिले तर तुम्ही एका माणसाने मागे पडलात, आणि तो माणूस पुढच्या वीस मिनिटांत जे लाकूड तोडणार होता तेही गेले. म्हणून पहिले सहा मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, त्यानंतर एकाने रानडुक्कर ओढून आणायचे, असा एक क्रम ठरलेला असतो. याला बिल्ड ऑर्डर म्हणतात. हा क्रम मी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला होता. डुकराला दोन बाण मारून पळत यायचे, पण बेतात पळायचे. फार आधी पळाले तर ते माघारी जाते आणि उशीर केला तर व्हिलेजर मरतो. व्हिलेजरचा जीव पंचवीस, लूम नावाची सुधारणा घेतली तर चाळीस. हे वाचून कळायला एक मिनिट लागले. हातात बसायला दोन महिने लागले आणि त्या काळात मी इतके व्हिलेजर डुकरांना वाहिले की त्यांची स्वतंत्र दफनभूमी होईल.

गाण्याच्या क्लासला पहिली दोन वर्षे पलटेच घोटवून घेतात. पलट्यांची वही समोर असल्याने कोणी गायक होत नाही, आणि कोणी तिला कॉपी म्हणून हिणवतही नाही. हातपंप यांनी अपेक्षित प्रश्नसंचाचे उदाहरण दिले, ते इथे लागू होत नाही, कारण उत्तर माहीत असूनही पेपर रोज नव्याने सोडवावा लागतो.

हातपंप

काळी_दोन, तुमचा प्रतिसाद आवडला, पण एक शंका राहते. सगळ्यांनीच तो क्रम पाठ केला असेल तर पहिली दहा मिनिटे सगळ्यांचा खेळ सारखाच होणार. मग त्या दहा मिनिटांत खेळतो कोण, तुम्ही की तो कागद? १९९९ साली आम्ही हाच खेळ कॉलेजच्या प्रयोगशाळेत खेळत होतो तेव्हा एकजण फक्त भिंती बांधत असे, एकजण भिक्षूंची फौज काढत असे, आणि एकाने तर संपूर्ण डाव मासेमारीत घालवला. त्यांतला कोणीही शास्त्रशुद्ध नव्हता आणि कोणाचाही डाव दुसऱ्यासारखा नव्हता.

काळी_दोन

पहिली दहा मिनिटे कागद खेळतो, हे मला मान्य आहे. पण समोरच्याने सातव्या मिनिटाला माझ्या लाकूडतोड्यांवर घोडेस्वार सोडले की कागद संपतो आणि मी सुरू होते. तुमच्या मासेमारी करणाऱ्या मित्राबद्दल आदर बाळगूनही सांगते, आजच्या तळाच्या क्रमवारीतला खेळाडूदेखील त्याला बंदरावरच संपवेल. शिवाय त्या प्रयोगशाळेत कोणी 'हाउ डू यू टर्न धिस ऑन' हा चोरसंकेत टाइप करून निळी मोटारगाडी काढत नव्हते, असे तुम्ही शपथेवर सांगाल का?

हातपंप

शपथ घेणार नाही.

बरणी

माझी अडचण थोडी निराळी आहे. मला गाइड लागते ते कोडी सोडवण्यासाठी नव्हे, तर खर्च करण्याचे धाडस यावे म्हणून.

कोणताही भूमिकाप्रधान खेळ घ्या, त्यातली सगळी भारी औषधे मी 'पुढे लागेल' म्हणून साठवून ठेवते. ओढाताण करून साध्या औषधांवर लढाया मारते आणि शेवटी खलनायक मरतो तेव्हा माझ्या पोतडीत अमृताच्या त्रेचाळीस बाटल्या असतात. आई उन्हाळ्यात घातलेले चांगले लोणचे पाहुण्यांसाठी ठेवत असे आणि ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बरणीतच राहत असे, ते संस्कार असावेत. आता मी एवढेच करते की गाइडाची फक्त अनुक्रमणिका वाचते. एकूण वीस प्रकरणे आहेत आणि आपण अठराव्यात आहोत, हे कळले की हात सैल होतो. कथानकातले काहीही फुटत नाही. ही फसवणूक आहे का?

खिडकीजवळची_सीट

बरणी, ही फसवणूक नसून अर्थनियोजन आहे. माझ्याही पोतडीत त्रेचाळीस बाटल्या असतात.

टंकलेखक

अशा प्रकारचे एक गाइड मी स्वतः लिहिलेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

'गेमफॅक्स' हे खेळांच्या गाइडांचे संकेतस्थळ जेफ व्हीझी यांनी १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू केले. तिथली जुनी गाइडे निव्वळ अक्षरांची असत. एका ओळीत एकोणऐंशी अक्षरांच्या पुढे जायचे नाही, कारण ऐंशी रकान्यांच्या पडद्यावर ओळ तुटली की सगळे तक्ते विस्कटत. चित्र टाकायची सोय नव्हती, त्यामुळे नकाशेही उभ्या-आडव्या रेघा आणि अधिकचे चिन्ह यांनीच काढायचे. अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रकरणापुढे चौकटी कंसात एक संकेत दिलेला असे. तो शोधखिडकीत टाकला की थेट त्या प्रकरणावर उडी पडे. वर आवृत्त्यांचा इतिहास असे, 'आवृत्ती १.०२ : गुहेतल्या दुसऱ्या पेटीची जागा दुरुस्त केली, चूक कळवणाऱ्याचे आभार' अशा थाटाचा.

मी २००३ साली सांगलीत कॉलेजला असताना एका फारशा न खपलेल्या जपानी खेळाचे गाइड लिहिले. मोबदला काही नव्हता. डायल-अपचे बिल येईल म्हणून सगळे आधी नोटपॅडमध्ये टंकून, फ्लॉपीवर घेऊन, मग जोडणी करून पाठवत असे. लिहायला बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. आपण जिथे सहज पार झालो तिथे दुसरा का अडकेल, हे कळण्यासाठी मुद्दाम चुकीचे खेळावे लागते. प्रत्येक दरवाजा चुकीच्या किल्लीने उघडून पाहावा लागतो. तो खेळ मी पाच वेळा खेळलो, त्यांतले चार वेळा केवळ चुका करण्यासाठी. कथेतली कलाटणी सांगण्याआधी मी पंचवीस कोऱ्या ओळी सोडत असे, म्हणजे ज्याला नको असेल त्याला थांबता येईल. व्हिडिओला ही कोरी जागा ठेवता येत नाही, एवढीच माझी त्याच्याविरुद्धची तक्रार आहे.

गाइडाच्या शेवटी मी माझा पत्ता दिला होता आणि 'गाइडात आधीच असलेले कृपया विचारू नये' असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. सर्वांत जास्त पत्रे 'तळघराची किल्ली कुठे आहे?' याविषयी आली. सहाव्या प्रकरणाचे नावच 'तळघराची किल्ली कुठे आहे' असे होते.

गवती_चहा

टंकलेखक, प्रतिसाद वाचला आणि जपून ठेवला. आता कृपया सांगा, तळघराची किल्ली कुठे होती?

टंकलेखक

माळ्याच्या झोपडीत, कुंडीखाली. हे सहावे पत्र समजतो.

उत्तरध्रुव

टंकलेखक यांच्यासारख्यांनी फुकट लिहिले म्हणून बरे. विकत मिळणाऱ्या गाइडांनी खेळाडूंचा जो छळ केला त्याची दोन उदाहरणे देतो.

पहिले 'फायनल फँटसी ९' या भूमिकाप्रधान खेळाचे, सन २०००. त्याचे अधिकृत गाइड पैसे देऊन विकत घ्यायचे, आणि आत पाहावे तर अनेक महत्त्वाच्या ठिकाणी माहितीऐवजी एक संकेतशब्द छापलेला. तो घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर जायचे आणि तिथे उत्तर वाचायचे. त्या काळी संगणक आणि दूरचित्रवाणी दोन वेगळ्या खोल्यांत असत. म्हणजे राक्षसाला तसाच ठेवून दुसऱ्या खोलीत जायचे, फोनची वायर जोडायची आणि परत यायचे.

दुसरे 'फायनल फँटसी १२'चे, सन २००६. त्यात झोडिअ‍ॅक स्पीअर नावाचा अत्यंत बलाढ्य भाला आहे. तो हवा असेल तर खेळातल्या चार विशिष्ट पेट्या उघडायच्या नाहीत. कोणत्या चार, हे खेळ कुठेही सूचित करत नाही, आणि त्यांतली पहिली अगदी सुरुवातीच्या वस्तीत रस्त्यालगत ठेवलेली आहे. ज्या खेळप्रकाराने आम्हांला वीस वर्षे 'दिसेल ती पेटी उघडा' असे शिकवले, त्याने एकाएकी 'का उघडलीस?' म्हणून शिक्षा करावी, याला काय म्हणायचे? तो भाला दुसऱ्या एका खाणीतही मिळू शकतो, पण त्याची शक्यता इतकी नगण्य आहे की लॉटरी बरी. गाइड खपावे म्हणून हे केले, असा संशय खेळाडूंनी तेव्हाच घेतला होता आणि मला तो अजून खोटा वाटत नाही. अशा ठिकाणी गाइड उघडण्याला हार म्हणायला मी तयार नाही.

नागोयाची_पोळी

नवीन खेळणाऱ्यांसाठी एवढेच जोडते की २०१७ च्या 'झोडिअ‍ॅक एज' आवृत्तीत ती चार पेट्यांची अट काढून टाकली आहे. बिनधास्त उघडा.

नळीची_वाट

हातपंप यांना परीक्षा दिसते, काळी_दोन यांना रियाज दिसतो. मी डोंगरात जाणारा माणूस असल्याने मला वाटाड्या दिसतो. हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने पहिल्यांदा जाताना आम्ही बेलपाड्यातून एक मामा बरोबर घेतले होते. ते पुढे चालले आणि आम्ही त्यांच्या टाचा बघत मागून गेलो. वर पोहोचल्यावर कळले की वाट आपल्याला माहीतच झालेली नाही. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फक्त एवढेच सांगितले, "ओढा सोडू नका, आणि दोन फाटे दिसले की थांबून विचार करा." त्या खेपेला आम्ही दोनदा चुकलो, पण ती वाट आजही डोळ्यांपुढे आहे.

म्हणून गाइड चांगले की वाईट, यापेक्षा ते उत्तर सांगते की इशारा देते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. या बाबतीत जुन्या लोकांची अक्कल वाखाणण्यासारखी होती. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या इन्फोकॉम कंपनीचे 'झॉर्क'सारखे खेळ निव्वळ मजकुराचे होते. त्यांच्यासाठी कंपनीने १९८० च्या दशकात 'इन्व्हिजिक्लूज' नावाच्या पुस्तिका काढल्या. त्यांत प्रश्न दिसत, पण उत्तरे अदृश्य शाईने छापलेली असत आणि सोबत मिळणारे खास पेन फिरवल्यावरच ती उमटत. लहानपणी आपण लिंबाच्या रसाने लिहून कागद दिव्यावर धरत असू, त्यातलाच प्रकार. एकेका प्रश्नाखाली तीन-चार उत्तरे असत : पहिले नुसता खडा टाकून पाहणारे, शेवटचे स्पष्ट. जेवढे हवे तेवढेच उमटवायचे. आणि केवळ प्रश्न वाचूनही पुढचे काही फुटू नये म्हणून खेळात मुळीच नसलेल्या गोष्टींचे खोटे प्रश्नही अधूनमधून घुसवलेले असत. बोस्टनला असताना एका जुन्या बाजारात मला अशी एक पुस्तिका मिळाली. तिच्या आधीच्या मालकाने सगळी पहिली उत्तरे उमटवली होती, थोडी दुसरी, आणि तिसरे एकच.

हातपंप

असे पेन मिळणार असेल तर मी माझ्या नियमाचा फेरविचार करीन.

सायबरकट्टा

आमच्या गावातल्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये लागत आणि 'व्हाइस सिटी' या खेळाच्या चोरसंकेतांची छापील यादी दोन रुपयांना वेगळी मिळे. 'अ‍ॅस्पिरिन' म्हणजे तब्येत, 'पँझर' म्हणजे रणगाडा, 'लीव्ह मी अलोन' म्हणजे पोलिसांपासून सुटका. पंधरा रुपयांत एक तास असताना अडकून शिकण्याची चैन परवडत नाही, हे हातपंप यांना सांगावेसे वाटते.

'डिमॉलिशन मॅन' ही खेळण्यातल्या हेलिकॉप्टरची मोहीम मी किती वेळा हरलो याची गणती नाही. पहिला बॉम्ब उचलेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही, तेव्हा आधी इमारतीचे सगळे मजले फिरून पाहून घ्यावेत, हे मला मालकाने सांगितले. त्या एका वाक्याने माझे निदान शंभर रुपये वाचले असतील. मात्र त्याच मालकाने त्याच मालिकेतल्या 'सॅन अँड्रियास'मधल्या डोंगरावर धुक्यात बिगफूट नावाचा केसाळ वनमानव दिसतो, असेही छातीठोकपणे सांगितले होते. मी दोन रविवार त्या जंगलात फिरलो. तिथे काहीही नाही. तोंडी गाइडाचा हा एक धोका नोंदवून ठेवावा.

रात्रपाळी

मुले झोपल्यावर मला खेळायला मिळतात ती चाळीस मिनिटे, तीही आठवड्यातून तीन-चार वेळा. त्यामुळे माझा नियम असा आहे : एकाच जागी तीन रात्री अडकले तर चौथ्या रात्री गाइड. पण राक्षसासाठी नाही, केवळ वाटेसाठी. 'एल्डन रिंग' हा खेळ मी २०२२ च्या एप्रिलपासून पुढच्या जानेवारीपर्यंत खेळले. त्यातल्या मार्गिट या राक्षसाकडून मी जितक्या वेळा मेले तितक्या वेळा मरणे मला मंजूर होते, कारण प्रत्येक वेळी चूक माझी होती आणि ती मला दिसत होती : घाईने औषधाचा घोट घ्यायला गेले आणि त्याने नेमका तेव्हाच खंजीर फेकला. पण त्याच खेळातल्या रॅनी या पात्राच्या कथेत एक बाहुली हाती लागते आणि विश्रांतीच्या जागी बसून तिच्याशी पुनःपुन्हा बोलायचे असते. ती गप्प असते. तरीही बोलत राहायचे, मग ती उत्तर देते. दिवसभर काम करून आलेल्या कोणत्या शहाण्या माणसाला न बोलणाऱ्या बाहुलीशी तिसऱ्यांदा बोलावेसे वाटेल? तिथे मी तीन रात्रींची वाट न पाहता पहिल्याच रात्री गाइड उघडले.

नियम पाळते का, असे धागाकर्त्यांनी विचारले आहे. पहाटे पाचची पाळी असेल तेव्हा पाळत नाही.

खिडकीजवळची_सीट

रात्रपाळी, चूक आपली आहे आणि ती दिसते आहे, तोवर गाइड नको; चूक कोणाची हे कळतच नाही, तेव्हा गाइड हवे. मी इतकी वर्षे हेच करत होते, पण मला ते असे मांडता आले नव्हते.

आजीची_काठी

मी खेळत नाही, नातवासाठी वाचते आहे. हे सारे व्यसनाकडे जाते का, एवढेच कोणी सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजार म्हटल्याचे वाचले होते.

रात्रपाळी

आजी, रुग्णालयात काम करत असल्याने थोडे सांगू शकते. संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण त्यात अमुक तास खेळले की आजार, असे म्हटलेले नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणे, हे साधारणपणे वर्षभर टिकले तर त्याचा विचार केला जातो. नातू जेवायला हाक मारल्यावर दहा मिनिटांनी येत असेल तर तो आजार नाही, तो नातू आहे. हाक मारण्याआधी मात्र त्याचा खेळ कुठे जतन होतो एवढे विचारून घ्या, निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

तिसरी_घंटा

सर्वांचे आभार. दोन रविवार गेले, म्हणून वृत्तांत देतो.

मी जुना 'प्रिन्स' लॅपटॉपवर डॉसबॉक्स या जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये बसवला आणि भाचीला म्हटले की व्हिडिओ नको, हवी तर माझी भूगोलाची वही घे. वही तिला आवडली. 'कात्री' या शब्दावर ती बराच वेळ हसली. सातव्या पातळीपर्यंत ती वहीच्या आधाराने आली, नंतर मात्र नकाशे अर्धवट आहेत, कारण तिथे बहुधा माझी सहामाही परीक्षा आली असावी.

आठव्या पातळीवर बाहेरचा दरवाजा उघडतो, पण परत येताना मधली जाळी खाली पडते आणि राजपुत्र आत कोंडला जातो. तिथे ना कळ, ना हलती फरशी. भाचीने तिन्ही भिंतींवर उड्या मारून पाहिल्या, वहीत पाहिले, माझ्याकडे पाहिले. मला उत्तर माहीत होते आणि मी नळीची_वाट यांचे पेन मनात धरून गप्प बसलो. "हा गेम बिघडलाय," असे म्हणून तिने फोन उचलला आणि प्रश्न टंकायला लागली. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवीकडून एक पांढरा उंदीर आला, पलीकडच्या फरशीवर चढला आणि जाळी वर गेली. मी ओरडलो, तिने फोन टाकून धाव घेतली आणि ती निसटली.

नंतर तिने विचारले की हा उंदीर कुठून आला. मग आम्ही मागे जाऊन पाहिले. आठवी पातळी सुरू होण्याआधी एक छोटे दृश्य येते. त्यात राजकन्या खाली वाकून त्या उंदराला गोंजारते आणि तो धावत बाहेर जातो. भाचीने ते दृश्य कळ दाबून पुढे ढकलले होते. माझ्या वहीत त्याची नोंद नाही, म्हणजे मीही तेव्हा तेच केले असणार.

अडकून काय मिळते, हे तिला पटले का, ते मला सांगता येणार नाही. तिने फोनवरचे उत्तर नंतर वाचले आणि म्हणाली, "बघ, यातपण हेच लिहिलंय, थांबा म्हणून. मी शोधलं म्हणूनच थांबले ना?"

हातपंप

युक्तिवादात खोट सापडत नाही.

गवती_चहा

उंदराने आधी व्हिडिओ पाहिला होता का, तेवढे विचारून घ्यावे.